लाल करगोट्याची सीताफळं

आमच्या सासूबाईंच्या मते जगात दोनच गोष्टींना धीर नाही. एक सीताफळाला आणि दुसरं त्यांच्या लेकीला. सकाळी टणक म्हणून टोपलीत ठेवलेलं सीताफळ संध्याकाळी बोट लावलं की फुटतं. आणि प्रांजलला 'जरा थांब' म्हणावं, तर तोवर ती पायऱ्या उतरून फाटकापाशी पोचलेली असते.

प्रांजल म्हणजे माझी धाकटी नणंद. साताऱ्याला हवाई रुग्णवाहिका चालवते. डोंगरातल्या वाडीवर कुणाला साप चावला, कुणाची छाती दुखायला लागली, की ही चार पंख्यांचं ते यंत्र घेऊन उडते आणि माणसाला उचलून दवाखान्याच्या गच्चीवर आणून ठेवते. असल्या कामाला सावकाश माणूस काय कामाचा? पण घरात तिला लहानपणापासून एकच पाठ. हळू चाल, हळू बोल, हळू ठेव, फुटेल!

आणि मी ऋतुजा, तिची वहिनी. पुरंदरच्या उतारावरच्या आमच्या गावातल्या लेपकेंद्राची इनचार्ज. म्हणजे सीताफळाला 'थांब' म्हणायचं काम सरकारनं रीतसर माझ्याकडे दिलंय.

लेप म्हणजे काय, ते आधी सांगून टाकते. सीताफळ झाडावरून उतरवलं तरी श्वास घेतच असतं. श्वास घेता घेता ते इथिलीन नावाचा वायू सोडतं, आणि हाच वायू त्याला आणि शेजारच्या फळालाही सांगतो, की चला, पिका आता. आमचा लेप म्हणजे चिंचोक्याच्या डिंकाचं पाणी आणि त्यात तरंगणारे मातीचे अगदी बारीक पापुद्रे. डिंकाचे रेणू लांबलचक असतात, शेवयांसारखे एकमेकांत गुंतलेले. ते सुकले की फळावर पातळ पडदा धरतात. पण नुसत्या पडद्यातून वायू खुशाल येतो-जातो. खरी अडवणूक करतात ते मातीचे कण. ते पडद्यात कौलांसारखे एकावर एक आडवे बसतात आणि वायूला त्यांना वळसे घालत घालत जावं लागतं. फळाचा श्वास मंदावतो, फळ झोपी जातं. मग मनाला येईल तेव्हा कोमट मिठाच्या पाण्यात लेप धुवायचा, की दोन दिवसांत जागं होऊन पिकतं.

हा लेप आला आणि गावाची रीतच पालटली. पूर्वी फळ पिकायला लागलं की ते वाटण्यावाचून गत्यंतर नसायचं. शेजारी, पाहुणे, मीटर बघायला आलेला माणूस, जो दिसेल त्याच्या हातावर दोन सीताफळं. आता घरोघरी फळं दोऱ्यांना टांगलेली, वर कुलूप, आणि उन्हाळा लागायच्या आत सगळी परदेशच्या जहाजावर. "आता कुनी कुनाला सीताफळ देत न्हाय," सासूबाई कुरकुरायच्या. "नुसतं दाराच्या फटीतनं दाखवत्यात."

पण परसातल्या जुन्या झाडाची फळं त्यांनी कधी विकू दिली नाहीत. ती घरची.

गेल्या भाऊबीजेची गोष्ट. झाडावर शेवटची फळं राहिली होती. दिवाळीची सुट्टी म्हणून केंद्र बंद, लेपाचं मशीन दुरुस्तीला गेलेलं. मी म्हटलं, मशीन नाही तर नाही, लेप तर आहे! एक बादली भरून घरी आणली. ओसरीवर सगळे फळांचे देठ बांधून, बुडवून, दांडीला टांगायला बसलो.

आमचे हे, म्हणजे धैर्यशील, त्यांची तऱ्हा काय सांगू! दाढी करायला बसले की आमचं जेवण उरकतं. त्यांनी फळ दोन्ही हातांनी बादलीत सोडलं आणि असं हळुवार वर काढलं, की मी मधल्या वेळात चहा टाकून आले. सासूबाई बघून खूश. "बघा, असं करावं. नाजूक जिन्नस हाय." मग मीही तसंच करायला लागले. इकडची पद्धतच ती. सीताफळाला हात लावायचा तो तान्ह्या पोराला लावल्यासारखा.

प्रांजल मात्र एका बाजूला धडाका लावून बसली होती. बुडव, उपस, टांग. बुडव, उपस, टांग. सुरुवातीलाच कळलं, तिच्या वाट्याला सुतळी उरलेलीच नाही. आत जाऊन दुसरी आणायची, तर तेवढा धीर कुणाला? तिनं आपल्या पिशवीत हात घातला. भावाला भाऊबीजेला द्यायला आणलेली लाल करगोट्याची गुंडी काढली, दातांनी तोडली आणि देठाला बांधायला सुरुवात केली.

"अगं, माझा करगोटा!" हे ओरडले.

"तुला काय कमरेला एवढा गुंडाळायचाय? उरेल की!" ही हसत हसत फळ उपसतेय. लेपाचे थेंब माझ्या साडीवर, भिंतीवर, सासूबाईंच्या चष्म्यावर.

"आगं, हळू! हिसका बसंल फळाला," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "तुझ्या ह्या असल्या हिसक्यानंच तर..."

आणि थांबल्या.

पुढचं कुणी बोललं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी. प्रांजलला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा राहिलं नव्हतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की यात तिचा, तिच्या कामाचा, तिच्या धावपळीचा काडीचा संबंध नाही. पण तिच्या सासरच्या चुलतसासूबाई, त्यांना सगळे काकी म्हणतात, त्या चारचौघांत बोलून गेल्या होत्या, हवेत उडणाऱ्या बाईच्या पोटात काय टिकणार म्हणून. आता तेच वाक्य तिच्या आईच्या ओठावर येऊन अडकलं होतं. प्रांजलनं हातातलं फळ टांगलं, हात पुसले आणि गुपचूप आत निघून गेली. तिला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आम्हाला ठाऊक नव्हतं, तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं.

संक्रांत झाल्यावर तिचा फोन आला.

"वहिनी," तिचा आवाज ओळखूच येईना, इतका सावकाश. "सगळं ठीक आहे. डॉक्टर म्हणतात, छान चाललंय. पण अन्न जात नाही गं. एकच आठवतं. आपल्या परसातलं सीताफळ. आहे का एखादं?"

"एखादं? अगं, दांडी भरलीय!"

"जावईबापूंनी बाजारातलं आणून दिलं नाही का?" सासूबाईंनी मागून विचारलं.

"आणलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा थुंकून टाकलं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मी आता सगळं हळूच करते, आई. उठते हळू, बसते हळू. जिना तर उतरतच नाही. काळजी करू नकोस."

फोन ठेवला आणि सासूबाई पदर डोळ्याला लावून बसल्या. वाऱ्यासारखी आमची पोर, ती जिना उतरत नाही? डॉक्टर फिर म्हणतात, चाल म्हणतात, आणि ही स्वतःला काचेचं भांडं करून बसलीय. काकींचं ते वाक्य तिनं पार मनाला लावून घेतलं होतं.

डोहाळेजेवण आमच्याकडे करायचं ठरलं, सातव्या महिन्यात, होळीनंतर. मी लागलीच फोन करून सांगितलं, "प्रांजल, तुझ्या ताटात परसातलं सीताफळ वाढलं नाही, तर वहिनी म्हणू नकोस मला!"

बोलून बसले. आणि आठवड्याभरात पहिलं फळ दांडीवरून टपकन खाली पडलं.

उचललं तर मऊ. मग रोज एक, कधी दोन. मी हबकलेच. कुणाचा लेप फसला तर लोक माझ्याकडे येतात, आणि माझ्याच घरात ही तऱ्हा! लेप सुकल्यावर दांडी मागच्या गार खोलीत हलवली होती; तिथलं तापमान तपासलं, ठीक. लेपाचा नमुना तपासला, अगदी उत्तम. बादलीच्या तळाशी तेव्हा बराच गाळ उरला होता आणि सासूबाईंनी तो घासून घासून काढला होता, एवढं आठवलं. पण माती म्हटल्यावर बसायचीच, म्हणून मी सोडून दिलं. पडलेलं फळ मी रोज न्याहाळायची. दांडीवर उरलेल्यांकडे बघायचा धीरच होत नव्हता. गावातली बाकीची फळं केव्हाच जहाजावर चढलेली, तेव्हा उसनं मागायचीही सोय नाही.

"सांगून टाक तिला," हे म्हणाले. "नाही म्हणावं. समजून घेईल."

"अहो, समजूनच घेतेय ती सगळं! तेच तर नको झालंय मला," मी खेकसले.

होळी आली. पुरणपोळीचा घाट सासूबाईंनी घातला, कटाची आमटी मी केली आणि भजी तळायचं काम ह्यांच्याकडे. सासूबाईंना भजी कुरकुरीत लागतात म्हणून पीठ पातळ, आणि पुरण बाधू नये म्हणून ओवा सढळ हातानं. हे कढईपुढे उभे राहिले. बटाट्याचा एक काप पिठात सोडायचा, टोकाला धरून अलगद, अगदी अलगद वर काढायचा, पीठ निथळू द्यायचं, मग तेलात. आमची आमटी निवायला आली.

पहिली ताटली आली. सासूबाईंनी घास घेतला. "ओवा घातला न्हाईस व्हय रं?"

"मूठभर घातलाय आई."

"मग गेला कुठं?"

दुसरी ताटली, तेच. ओवा औषधाला नाही. शेवटी हे कंटाळले, म्हणजे त्यांच्या मानानं, आणि उरलेले काप तळाच्या पिठात बुडवून भराभर तेलात टाकले. ती भजी तोंडात घातली मात्र, आमच्या तिघांचे डोळे पांढरे झाले. नुसता ओवा! कडूजहर!

"सगळा ओवा तळाशीच राहिला की," हे भांडं वाकवून बघत म्हणाले. "वर आलाच नाही."

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. "का नाही आला?"

"मी काय सांगू? मी तर किती जपून काढत होतो."

जपून! अगं बाई, जपून! मी पळी आमटीत टाकली आणि फळांच्या खोलीकडे धावत सुटले. मागनं सासूबाईंचा आवाज, "आता हिला काय झालं?"

काय झालं होतं, सांगते. कुठलीही वस्तू दाट पाण्यातून वर काढली की ती आपल्याबरोबर एक पातळ थर ओढून आणते. हा थर किती जाड, ते ठरतं वस्तू काढायच्या वेगावर. भरकन काढलं की जाड थर, त्यातून डिंकाचे ते गुंतलेले रेणू आणखी द्रव ओढून आणतात. सावकाश काढलं की द्रवाला खाली ओघळायला सवड मिळते आणि थर राहतो पातळ. आता त्या द्रवात कण असतील, तर त्यांना वर यायला थराच्या तोंडातून घुसावं लागतं, आणि तिथे पृष्ठताण उंबरठ्यासारखा आडवा असतो. थर कणाच्या मानानं पुरेसा जाड असेल तर कण उंबरठा ओलांडतो. पातळ असेल तर पृष्ठताण त्याला मागे ढकलतो, परत भांड्यात. वर येतो तो नुसता डिंक, नुसतं बेसन. ओवा तळाशी, माती तळाशी. केंद्रातलं मशीन कारखान्यातूनच योग्य वेगावर बसवून आलेलं, त्यामुळे वेग हा आपल्या विचार करायचा विषय आहे, हेच माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. कसली मेली इनचार्ज!

म्हणजे आम्ही तान्ह्या पोरासारखं जपून काढलेल्या फळांवर लेप होता, पण लेपातले कण नव्हते; इतके दिवस तगली ती खोलीच्या गारव्यानं. दाराला कुलूप, पण भिंतच नाही.

मी दिवा लावला आणि प्रथमच दांडीवर उरलेल्या फळांकडे नीट बघितलं. सुतळीला टांगलेली दोनचारच शिल्लक होती. गुळगुळीत, चकचकीत, मऊ पडत चाललेली. आणि पलीकडच्या टोकाला एक ओळच्या ओळ, सगळी टणक. सालीवर पिठूळ, खरखरीत थर. आणि प्रत्येकाच्या देठाला लाल दोरा.

तोवर हे आणि सासूबाई दारात आले होते.

"आई, हा दोरा कसला?"

"करगोटा की!" सासूबाई म्हणाल्या. "भाऊबीजेचा. प्रांजलनं..."

आणि पुन्हा अर्ध्यावर थांबल्या. पण या वेळी निराळ्या कारणानं.

"म्हणजे मी काढलेली सगळी गेली?" हे कसनुसे झाले.

"तुमची गेली, आईंची गेली, माझीही गेली," मी म्हटलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. "हिसक्याची तेवढी राहिली!"

बाहेरून टणक असलेलं फळ आतून जिवंत असेलच असं नाही. झोपेतच गेलेलं फळ धुतलं की काळं पडतं. डोहाळेजेवणाला दोन दिवस असताना मी लाल करगोट्याची सगळी फळं कोमट मिठाच्या पाण्यात धुतली आणि तांदळात ठेवली. त्या दोन दिवसांत सासूबाई देवापुढे कमी आणि तांदळाच्या डब्यापुढे जास्त बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक आली, "ऋतुजा! डोळं उघडलं गं!" मी जाऊन बघते तर फळांच्या खवल्यांमधल्या भेगा पिवळसर पांढऱ्या होऊन फाकलेल्या, आणि घरभर तो वास.

प्रांजल आली. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आणि काठोकाठ भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी चाल. जावईबापू एका हाताला, काकी दुसऱ्या हाताला, "हळू हो, हळू" चाललेलं. मला बघून हसली, पण तेही जपून.

बायका जमल्या, गाणी झाली, ताट आलं. ताटाच्या मधोमध सीताफळ, देठाला अजून लाल दोरा.

तिनं बघितलं. "वहिनी! हा तर माझा करगोटा."

"तुझाच. तू टांगलेलं फळ आहे."

"आणि बाकीची?"

"सुतळीची सगळी गेली. एकूणएक."

"माझी?"

"तुझं एकही नाही गेलं."

तिला खरं वाटेना. मी कारण सांगितलं, थर सांगितला, कण सांगितले, ह्यांच्या भज्यांसकट. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून रचतेयस तू."

हे मी धरूनच चालले होते. आतून लेपाची बादली आणि दोन काळी उलथणी आणली. "तूच बघ. हे आधी सावकाश काढ. हल्ली वागतेस ना, तसं."

तिनं उलथणं बुडवलं आणि हळूहळू वर काढलं. काळंभोर, चकचकीत. कण नावाला नाही. बायका पुढे वाकल्या.

"आता दुसरं. तुझ्या पद्धतीनं काढ."

ती घुटमळली. काकी म्हणाल्या, "अगं, या अवस्थेत हिसके कसले..." आणि कुणास ठाऊक काय झालं, प्रांजलची मान ताठ झाली. तिनं उलथणं बुडवलं आणि असं सर्रकन उपसलं, की ते पांढरंफटक होऊन बाहेर आलं आणि लेपाचे चार थेंब उडून थेट काकींच्या पैठणीवर!

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि अख्खी ओसरी हसायला लागली. प्रांजल पोट धरून हसत होती. किती महिन्यांनी!

"काकी, डिंकच आहे, पाण्यानं जातो," मी म्हटलं. पण काकींकडे लक्ष द्यायला वेळ कुणाला होता?

मी तिच्याजवळ बसले. "हे बघ, फळाचं शास्त्र वेगळं आणि बाळाचं वेगळं. बाळाचं तुला डॉक्टरांनी सांगितलंय, तुझा दोष नव्हता म्हणून. ते खरं मान. फळाचं मी सांगते. तिथं तुझा हिसकाच कामाला आला. तेव्हा तुझ्या स्वभावाला नावं ठेवणारे इथून पुढे आधी माझ्याशी बोलतील."

तिचे डोळे भरले. पण बोलल्या त्या सासूबाई. त्या लेकीसमोर खाली बसल्या आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "त्या दिशी मी अर्धंच बोलले, पर ते अर्धंबी बोलाया नको हुतं. चुकलं माझं, लेकी. आनि तुझं कधीच काय चुकलं न्हवतं."

प्रांजलनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मग एकदम उठून बसली, सीताफळ उचललं, दोन्ही अंगठ्यांनी मधोमध उकललं आणि खायला लागली. बिया ताटात टपाटप पडत होत्या. एक संपलं, दुसरं मागितलं. मग तिसरं उकललं, पण त्यातलं निम्मं शेजारच्या बाईच्या हातावर ठेवलं, निम्मं पलीकडच्या.

"अगं, तुझ्यासाठी ठेवलीत ती!" मी म्हटलं.

"वहिनी, ही ठेवायची नसतात गं, वाटायची असतात!" म्हणत तिनं तांदळाचा डबाच मागवला आणि ओसरीभर सीताफळं वाटली. एक फळ काकींनाही दिलं. त्यांनी ते मुकाट्यानं खाल्लं, आणि बी काढता काढता म्हणाल्या, "गोड आहे हो."

निघताना ती जावईबापूंचा हात न धरता ओसरीवर आली. बसून राहिल्यामुळं पाय आखडलेत, म्हणाली, जरा फाटकापर्यंत चालून येते. आणि हिरव्या साडीचा ओचा सावरत पायऱ्यांकडे निघालीसुद्धा.

"आगं..." सवयीनं सासूबाईंच्या तोंडून निघालं.

ती थांबली. मागे वळून आईकडे बघितलं. सासूबाईंनी पुढचा शब्द गिळला, पदर खोचला आणि म्हणाल्या, "थांबू नगं. मीबी येते."

आणि त्या तिच्या मागोमाग भराभर पायऱ्या उतरल्या.